याप्य व्याधी आणि गावातील दवाखाना : सोनगीरच्या संदर्भात दमा-व्यवस्थापनाचा विचार

प्रस्तावना

धुळे शहराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर मुंबई-आग्रा महामार्गालगत सोनगीर हे गाव वसलेले आहे. टेकडीवरील किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी घडविणारे कारागीर या दोन गोष्टींमुळे हे गाव खानदेशात सर्वपरिचित आहे. येथील तांबटांच्या कौशल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरनेही घेतलेली आढळते. दोंडाईच्याकडे जाणारा रस्ता याच परिसरात महामार्गापासून वेगळा होतो. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतील लोकांचे बाजाराच्या, बँकेच्या आणि दवाखान्याच्या निमित्ताने येथे नित्य जाणे-येणे असते. अशा गावातील मनुष्य आजारी पडला म्हणजे तो प्रथम तज्ज्ञाकडे जात नाही, गावातल्या डॉक्टरांकडे जातो. म्हणूनच दम्यासारख्या दीर्घकालीन व्याधीचे भवितव्य शहरातील मोठ्या रुग्णालयात जेवढे ठरते, त्याहून अधिक या छोट्या दवाखान्यात ठरते.

हे केवळ अनुमान नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुढाकार घेऊन २०११ साली एका ठरलेल्या दिवशी देशातील ८८० शहरे व गावे येथील डॉक्टरांच्या दवाखान्यांत आलेल्या रुग्णांच्या तक्रारींची नोंद करविली. दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या या पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनसंस्थेशी संबंधित कोणती ना कोणती तक्रार होती. म्हणजे खोकला, धाप आणि छातीतील घरघर हेच सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसायाचे दैनंदिन काम आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

ताप, हगवण अथवा जखम यांसारख्या आजारांत रुग्ण येतो, औषध घेतो, बरा होतो आणि व्यवहार पुरा होतो. दम्याचे तसे नाही. येथे रुग्ण आराम वाटून घरी जातो त्या क्षणी उपचाराचे खरे काम सुरू व्हावयाचे असते, आणि नेमका त्याच क्षणी रुग्ण व डॉक्टर यांचा संबंध तुटतो. हा तुटणारा धागा गावपातळीवर कसा टिकविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘याप्य’ या संकल्पनेचा अर्थ

ग्रामीण महाराष्ट्रात सर्वसाधारण व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांमध्ये आयुर्वेदाच्या पदवीधरांची संख्या मोठी आहे. त्यांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला एक शब्द येथे फार उपयोगाचा आहे, तो म्हणजे ‘याप्य’. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात श्वासरोगाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी विलक्षण जुळते. आभाळ भरून आले, थंडी पडली किंवा पूर्वेचा वारा सुटला की तो वाढतो. रुग्णाला आडवे होता येत नाही, बसल्यावर बरे वाटते, आणि कंठात घुरघुर ऐकू येते. हा विकार नवा असेल तर साध्य, अन्यथा याप्य, असे चरकाचे मत आहे.

याप्य म्हणजे असाध्य नव्हे आणि पूर्णतः बरा होणाराही नव्हे. उपचार चालू आहेत तोवर जो आवरून धरता येतो, तो याप्य. सुश्रुताने यासाठी कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकू आहे तोवर घर उभे आहे. घर उभे दिसते म्हणून टेकू काढून घेणारा मनुष्य शहाणा म्हणता येणार नाही. दम्याचा रुग्ण मात्र नेमके हेच करतो, कारण टेकूचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो.

आधुनिक वैद्यकानेही फार वेगळे सांगितलेले नाही. दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला कायमची सूज असते. तिला दाह असा शास्त्रीय शब्द आहे. या सुजेमुळे नलिका अतिसंवेदनशील बनतात. धूर, धूळ, सर्दी, थंड हवा अशा क्षुल्लक निमित्ताने त्यांच्याभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात, चिकट कफ साचतो आणि झटका येतो. आकुंचन काही मिनिटांत सैल करता येते, सूज मात्र आठवडे अन् महिने औषध घेतल्यावरच ओसरते. झटका हा दिसणारा भाग होय. दोन झटक्यांच्या मधल्या काळात न दिसणारा आजार चालूच असतो.

झटक्याचे अर्थशास्त्र

प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. मध्यरात्री धाप लागलेला रुग्ण मोटारसायकलवर मधोमध बसवून आणला जातो. डॉक्टर थिओफायलिन वर्गातील आणि डेक्सामेथासोनचे इंजेक्शन देतात, तीन दिवसांच्या गोळ्या बांधून देतात. अर्ध्या-एक तासात छाती मोकळी होते. घरचे लोक समाधानाने पैसे देतात व परत जातात. पुढील भेट पुढल्या झटक्याला. वर्षानुवर्षे हा क्रम चालतो, आणि प्रत्येक वेळी उपचार यशस्वी झाला असेच उभय पक्षांना वाटते.

यात डॉक्टरांना सरसकट दोष देणे प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही. इंजेक्शनचे शुल्क रुग्ण आनंदाने देतो. पंप कसा ओढावा हे दहा मिनिटे बसवून शिकविण्याचे शुल्क मात्र आपल्याकडे कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. बाहेर बाकावर वीस माणसे खोळंबलेली असताना ती दहा मिनिटे कोठून आणावयाची? रुग्णाची बाजूही समजण्यासारखी आहे. रोजंदारीवर जाणाऱ्याला झटक्याच्या रात्री उसनवारीने पैसे उभे करता येतात, पण काहीच त्रास नसलेल्या महिन्यात औषधावर खर्च करणे त्याला उधळपट्टी वाटते.

या क्रमाची किंमत मात्र मोठी आहे. रोगभाराच्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ साली भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण होते. हे प्रमाण जगातील रुग्णांच्या सुमारे १३ टक्के भरते. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे, वर्षाला सुमारे दोन लाख. रुग्ण आणि मृत्यू यांच्या प्रमाणातील ही तफावत रोगाच्या स्वभावाने स्पष्ट होत नाही, ती उपचाराच्या पद्धतीकडे बोट दाखविते. सूज कमी करणारे स्टेरॉइडचे पंप १९७२ पासून उपलब्ध आहेत. तरीही आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांपर्यंत ते नियमितपणे पोहोचलेले नाहीत.

निदान : चार प्रश्न आणि एक नळी

खानदेशातील प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर क्षयाची थुंकी-तपासणी झालीच पाहिजे. क्षय पडताळून न पाहता स्टेरॉइडच्या गोळ्या देत राहणे धोक्याचे आहे. दुसरा विकार दीर्घकालीन अवरोधक श्वसनविकाराचा, ज्याला डॉक्टरमंडळी सीओपीडी म्हणतात. तो बिडी ओढणाऱ्यांचाच रोग मानला जातो. परंतु तीस-तीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या, आयुष्यात एकही बिडी न ओढलेल्या स्त्रियांनाही तो होतो. खानदेशात कपाशीच्या पऱ्हाट्या हे घरोघरचे जळण राहिले आहे. वांग्याच्या भरिताला त्याच धगीची चव लागते, हे खरेच. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस आला, तरी भाकरी, अंघोळीचे पाणी आणि भरीत यांसाठी चूल पेटतेच. सिलिंडर घरी आहे एवढ्याने धुराचा प्रश्न संपला असे डॉक्टरांनी गृहीत धरू नये. ‘स्वयंपाक कशावर होतो?’ याऐवजी ‘भाकरी कशावर भाजता आणि पाणी कशावर तापवता?’ असे विचारले तर उत्तर बहुधा वेगळे मिळते.

व्यवसायाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. सोनगीरसारख्या भांड्यांच्या गावी भट्टीचा धूर, भांडी उजळण्यासाठी वापरलेल्या आम्लाच्या वाफा, आणि कल्हई करताना नवसागरातून उठणारा पांढरा धूर हे सारे श्वासनलिकांना डिवचणारे घटक आहेत. जिनिंगमधील कापसाची तूस, दोंडाईचा-नंदुरबारकडील मिरचीची खळी, महामार्गावरील वाहनांचा धूर यांचीही भर पडते. येथे एकच प्रश्न पुरतो : काम बंद असलेल्या दिवसांत, गावाला गेल्यावर बरे वाटते का? होय असे उत्तर आले तर कामाच्या जागेकडे पाहिले पाहिजे. कारागिराला धंदा सोडण्याचा सल्ला देणे सोपे आहे, पण तो निरुपयोगी आहे. भट्टी मोकळ्या हवेत हलविणे, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसणे, आम्लाचे काम घराबाहेर करणे एवढे तरी त्याला जमण्यासारखे असते.

निदानाला पुष्टी देण्यासाठी श्वसनक्षमतामापनाचे मोठे यंत्र गावात नसते. पीक फ्लो मीटर ही हातात धरावयाची साधी नळी मात्र कोणत्याही दवाखान्याला परवडते. रुग्णाने पूर्ण श्वास घेऊन तीत जोराने फुंकर मारावयाची व काटा कोठे थांबतो ते वाचावयाचे. तीन प्रयत्नांतील सर्वाधिक आकडा घ्यावा. पंपातून औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकर मारल्यावर आकडा २० टक्क्यांनी वा अधिक वाढला, तर दम्याची शक्यता बळकट होते. रक्तदाबाचे यंत्र नसलेल्या दवाखान्याची आज आपण कल्पनाही करू शकत नाही. ही नळी मात्र फार थोड्या टेबलांवर दिसते.

निदानानंतर प्रत्येक भेटीत विचारावयाचे प्रश्न चारच आहेत. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनहून अधिक वेळा त्रास झाला का? रात्री धाप लागून उठून बसावे लागले का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनहून अधिक वेळा घ्यावा लागला का? नेहमीचे काम अडले का? रुग्ण सामान्यतः ‘ठीक आहे’ एवढेच सांगतो, कारण रात्री दोनदा उठून बसणे त्याने आयुष्याचा भाग म्हणून स्वीकारलेले असते. यासाठी प्रश्न विशिष्टच हवेत. विहिरीवरून पाणी आणताना मध्ये थांबावे लागते का, गिरणीवर दळण घेऊन एका दमात जाता येते का, असे विचारल्याखेरीज खरे चित्र समोर येत नाही.

पंपाविषयीचे समज

‘पंप हा शेवटचा उपाय आहे’, ‘एकदा लागला की सुटत नाही’, ‘पंपाचे औषध फार जहाल’ हे तीन समज खानदेशात, किंबहुना सर्वत्र, आढळतात. तिसऱ्या समजाला साध्या अंकगणिताने उत्तर देता येते. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतके औषध झाले. गोळी पोटातून रक्तात व सर्वांगात फिरून छातीत पोहोचते, म्हणून हात थरथरतात आणि छातीत धडधडते. पंपातील औषध थेट जागेवर जात असल्याने थोडे पुरते. रुग्णाला हे सांगताना उंबरठ्यावरच्या झाडाला पाणी घालण्यासाठी सारे शेत भिजवावयाचे काय, असे विचारले तर तो हसतो आणि त्याला मुद्दा पटतो.

खरा घोटाळा दोन प्रकारच्या पंपांतील भेद न कळल्याने होतो. एक पंप आकुंचन सैल करतो आणि लगेच आराम देतो. दुसरा, स्टेरॉइडचा, सूज उतरवितो, पण घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही. स्वाभाविकच रुग्ण पहिल्याला खरे औषध मानतो व दुसरा फडताळात ठेवून देतो. या सवयीला वैद्यकशास्त्राचाही काही हातभार लागला, हे मान्य केले पाहिजे. साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये वापरात आले. तेव्हापासून सौम्य दम्याला केवळ तेच पुरे, असे जवळजवळ पन्नास वर्षे शिकविले गेले. २०१९ मध्ये ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने ही शिकवण मागे घेतली. प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये, प्रत्येकाला कोणत्या तरी स्वरूपात श्वासावाटे स्टेरॉइड मिळावे, अशी आता शिफारस आहे. ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल यांच्या एकत्रित पंपात लगेच आराम देण्याचे आणि सूज कमी करण्याचे अशी दोन्ही कामे एकाच वेळी होतात. दोन पंपांतील फरक लक्षात ठेवण्याचे ओझे जेथे अधिक, तेथे ही सोय विशेष मोलाची ठरते.

केवळ आराम देणारा पंप वापरणाऱ्यांसाठी धोक्याची एक सोपी खूण आहे. अशा पंपात २०० फवारे असतात. वर्षात तीन वा अधिक पंप संपत असतील तर तीव्र झटक्याचा धोका वाढतो. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा संपत असतील, तर मृत्यूचाही धोका वाढलेला असतो. गावातील औषध-दुकानदाराला हे आकडे माहीत असणे डॉक्टरांइतकेच आवश्यक आहे, कारण पंप किती खपतात हे प्रथम त्यालाच कळते.

पंप ओढण्याची रीत पाहिल्याशिवाय औषध वाढवू नये. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, कळ दाबताच सावकाश खोल श्वास घ्यावा व दहा सेकंद रोखून धरावा. हे वाचावयास सोपे असले तरी साठीच्या स्त्रीला जमणे कठीण जाते. तेथे स्पेसर नावाची पोकळ नळकांडी मधे लावतात. ती घेण्याची ऐपत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे छिद्र पाडून काम भागते. केपटाऊनच्या डॉ. हेदर झार यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी बाटली मुलांच्या झटक्यात नेहमीच्या स्पेसरइतकीच उपयुक्त ठरल्याचे दाखविले. भुकटीच्या कॅप्सूलचे साधन दिले असेल तर आणखी एक खबरदारी हवी : कॅप्सूल यंत्रात घालावयाची आहे हे न कळल्याने ती पाण्यासोबत गिळणारे रुग्ण आहेत. स्टेरॉइडनंतर चूळ भरावयास सांगणेही विसरू नये.

नोंदवही आणि सणांचे वेळापत्रक

किराणा दुकानदाराला कोणते गिऱ्हाईक दोन महिन्यांत फिरकले नाही हे वही पाहून सांगता येते. डॉक्टरांना मात्र आपले दम्याचे रुग्ण किती व त्यांतील कोण दिसेनासे झाले, हे बहुधा सांगता येत नाही. वेल्समधील ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या खेड्यात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी गावातील प्रत्येकाची नोंद ठेवून, न येणाऱ्याला शोधून काढून, रक्तदाबासारख्या आजारांवर वर्षानुवर्षे उपचार केले. पुढे शेजारच्या तशाच खेड्याशी तुलना करता तेथील अकाली मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. ज्यांना वैद्यकीय सेवेची सर्वाधिक गरज असते त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, हा त्यांनी १९७१ मध्ये मांडलेला नियम खानदेशातील वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. फिनलंडने १९९४ ते २००४ या काळात दम्याची जबाबदारी प्राथमिक आरोग्यसेवेवर सोपविली. डॉक्टर, परिचारिका आणि औषध-दुकानदार यांचे जाळे उभारले. परिणामी दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून कमी झाले. यांत नवे औषध कोणतेच नव्हते.

आपल्याकडे रुग्णाला तीन महिन्यांनी पुन्हा बोलाविले तर तो येत नाही, अशी तक्रार असते. तथापि मृगाच्या दिवशी हैदराबादला मासळीतून दिले जाणारे औषध घेण्यासाठी दम्याचे हजारो रुग्ण दरवर्षी रांगा लावत आले आहेत. कोजागिरीच्या रात्री चांदण्यातील खिरीतून औषध घेण्याची प्रथाही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. या उपायांच्या गुणाला शास्त्रीय आधार नाही. पण त्यांतून एक गोष्ट सिद्ध होते : त्रास नसतानाही, ठरलेल्या दिवशी, लांबचा प्रवास करून रुग्ण येतो. त्याला ‘बारा आठवड्यांनी’ ही भाषा लक्षात राहत नाही, सण लक्षात राहतो.

तेव्हा भेटीच सणांना बांधून द्याव्यात. आखाजी, कानबाई, दिवाळी आणि संक्रांत हे चार सण साधारण तीन-तीन महिन्यांच्या अंतराने येतात. दम्यावर दोन-तीन महिने चांगले नियंत्रण राहिले म्हणजे औषधाची मात्रा एक पायरी कमी करण्याचा विचार करावयाचा, हा वैद्यकीय संकेतही याच अंतराशी जुळतो. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि कानबाईला सुरतेला गेलेली कुटुंबे गावी परततात. म्हणजे एरवी जे हाती लागत नाहीत तेही त्या दिवसांत गावात असतात. एका वहीत नाव, फुंकरीचा आकडा, चार प्रश्नांची उत्तरे आणि संपलेल्या पंपांची संख्या एवढे चार रकाने पुरेत. मधुमेह व रक्तदाबाचे रुग्णही त्याच वहीत येऊ शकतात. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाचा २०२३ मध्ये विस्तार झाला, तेव्हा त्यात दमा व सीओपीडी यांचाही समावेश झाला. त्यामुळे घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीला अशा रुग्णांची माहिती असतेच. खासगी दवाखाना आणि आशाताई यांनी आपापल्या याद्या महिन्यातून एकदा समोरासमोर ठेवल्या, तर दिवाळीला कोण आले नाही ते दोघांनाही कळेल.

धुळ्याचा रस्ता

सर्व काळजी घेऊनही काही झटके गंभीर होतातच. रुग्णाला एका दमात वाक्य पुरे करता येत नाही, ओठ निळसर दिसतात, तो गुंगीत जातो, अथवा आधी ऐकू येणारी घरघर अचानक थांबते, ही धोक्याची लक्षणे आहेत. घरघर थांबली म्हणजे आराम पडला, असा नातेवाइकांचा समज होतो. प्रत्यक्षात हवा आत-बाहेर होणेच थांबत आलेले असते. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी धुळ्यास पाठविणे अटळ असते.

तथापि वीस किलोमीटरचा हा प्रवास उपचारांविना होऊ नये. स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे चार ते दहा फवारे, दर वीस मिनिटांनी, पहिला तासभर देता येतात. प्रौढ रुग्णाला प्रेडनिसोलोनची पहिली मात्रा गावातच द्यावी, कारण तिचा परिणाम दिसण्यास काही तास लागतात व प्रत्येक मिनिट त्यातून वजा होते. प्राणवायू उपलब्ध असल्यास लावावा. सोबतच्या चिठ्ठीवर काय दिले, किती दिले आणि किती वाजता दिले एवढे लिहावे.

परतीच्या चिठ्ठीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. धुळ्याहून आठ दिवसांनी घरी आलेला रुग्ण सुटीचा कागद पिशवीत तसाच ठेवतो, कारण गावच्या डॉक्टरांनी तो मागितलेला नसतो. तीव्र झटक्यानंतरचे काही आठवडे पुन्हा झटका येण्याच्या दृष्टीने विशेष जोखमीचे असतात, आणि रुग्ण पंपाविषयी मनापासून ऐकून घेतो तोही बहुधा याच आठवड्यांत. म्हणून रुग्ण धुळ्याला रवाना होतानाच त्याच्या घरच्यांना सांगून ठेवावे, की परत आल्यावर दोन-चार दिवसांत, धाप नसली तरी, तो कागद आणि घरात असतील तेवढे सगळे पंप, रिकामे झालेलेसुद्धा, घेऊन दवाखान्यात यावे.